दहातले तीन

१८ ऑगस्ट, सोमवार

दहातले सात! डॉक्टरांनी कॉम्प्युटरमध्ये एकेक माहिती भरली. वय काय, वजन किती उतरलं, जीभ किती काढावी लागेल, जबड्याचं हाड किती, पुढे रेडिएशनचा शेक द्यायचा की नाही. मग खालून उत्तर निघालं. म्हणे ह्यांच्यासारख्या दहा पेशंटमधल्या सात जणांना ऑपरेशननंतर खूप दिवस तोंडाने पुरेसं खाता येत नाही. नळीनेच अन्न द्यावं लागतं. तेव्हा ऑपरेशन चालू असतानाच पोटाला लहानसं भोक पाडून नळी बसवून घ्यायची का, ते घरी बोलून सांगा.

दहातून सात गेले, तीन उरले. मॅट्रिकला गणितात माझे पंच्याहत्तर होते, एवढं मला येतं. मी तिथेच विचारलं, "डॉक्टरसाहेब, ते तीन पण कुणीतरी असतातच ना?"

हसले. "असतात ना काकू. पण ते तीन कोणते, हे कॉम्प्युटर सांगत नाही."

मला सांगता येतं! तेहतीस वर्षं मी ह्यांना वाढते आहे. ह्या माणसाच्या ताटात कधी शीत राहिलेलं पाहिलं नाही.

ह्यांच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत काडी पेटवायला बंदी, म्हणून बिडी नाही — तंबाखू मळायची आणि डाव्या गालात धरायची. पंचशीलातलं पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, मी रोज सकाळी जरा मोठ्यानेच म्हणते, ते ह्यांच्या कानावर जावं म्हणून. गेलं नाही. जिभेवर फोड आला तेव्हाही म्हणाले, दात लागला असेल.

असो. आता त्याचं काय.

१९ ऑगस्ट

शिल्पाचा धुळ्याहून फोन. जावयांनीही मध्येच घेतला. दोघांचं एकच — नळी बसवून घ्या. "आई, नाही लागली तर काढून टाकतात. लागली तर तेव्हा बाबांना पुन्हा टेबलावर नको झोपवायला."

मी म्हटलं, अगं, जेवणारा माणूस आहे तो! धडधाकट पोटाला भोक पाडायचं आणि त्यातून मिक्सरचं पाणी सोडायचं? आधीच हार मानल्यासारखं.

"आई, तू निकालाच्या आधीच पेढे वाटतेस."

वाटते. वाटणार!

ह्यांना विचारलं. दुधात भाकर कुस्करत बसले होते, अलीकडे तेवढंच जातं. म्हणाले, "तू म्हनशी तसं." शिंदखेड्याकडचा माणूस, वरणगावला येऊन जन्म गेला तरी घरात अहिराणीच.

म्हणजे माझ्यावर सोडलं. मी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली, त्रिसरण घेतलं, आणि मन एकदम स्वच्छ झालं. पोटाची नळी नाही. डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, ठीक, मग सध्या नाकातून घालू. पण काकू, वजनावर लक्ष ठेवा. शेक सुरू झाला की खरी परीक्षा.

होऊ दे परीक्षा.

२२ ऑगस्ट

सकाळी आत नेलं. दिवे लागले तेव्हा बाहेर आणलं. मधल्या वेळात बुद्धं सरणं गच्छामि — दुसरं काही सुचलं नाही.

२५ ऑगस्ट

आज नीट पाहू दिलं. अर्धी जीभ गेली. छातीवरचं मांस उचलून तोंडात शिवलंय. चेहरा सुजून भोपळा झालाय. नाकात नळी, गळ्यात नळी. डोळे मात्र तेच. मला बघून उजवी भुवई वर केली — उशिरा आले की करतात तशी. म्हणजे माणूस आत शाबूत आहे!

३१ ऑगस्ट

नळीने भरवायला शिकले. सिस्टर म्हणाली, डब्याची पावडर आणा, पाण्यात ढवळली की झालं. त्या डब्याची किंमत विचारून मी परत आले. मूग, तांदूळ भाजून दळले, शिजवले, दूध घातलं, माझ्या आईच्या जुन्या लुगड्याच्या कापडातून दोनदा गाळलं. एक कण अडकला नाही. आहारवाल्या बाईंनी बघितलं, अंडं आणि दोन चमचे तेल वाढवायला सांगितलं, बाकी पास.

मीठ घालायचं का, हा प्रश्न पडला. जिभेला लागणारच नाही, नाकातून थेट पोटात. तरी घातलं. घरचं आहे हे पोटाला तरी कळू दे.

७ सप्टेंबर, पौर्णिमा

घरी येऊन तीन दिवस झाले. आज माझा उपोसथ, बारानंतर अन्न नाही. ह्यांना मात्र संध्याकाळी नळीने दिलं. शिल्पा सुट्टी टाकून आली आहे. म्हणे, "दोघांची तोंडं बंद. किती शांत घर!" हे हसायला गेले आणि शिवलेला गाल धरून बसले. मी तिला दटावलं. पण हसले, हे लिहून ठेवते.

१३ सप्टेंबर

जळगावला दवाखान्यात गिळायचे धडे. शिकवणाऱ्या मॅडम स्नेहल, आपल्या शिल्पापेक्षाही लहान. हनुवटी छातीला लावा, गिळा, पुन्हा कोरडं गिळा, मग मुद्दाम खोका. खोकल्याने वाट चुकलेलं बाहेर येतं.

आणि पाणी सगळ्यात वाईट! ते पटकन पळतं आणि श्वासाच्या नळीत जातं. खिरीएवढं दाट पाहिजे. जन्मभर आपण ठसका लागला की पाणी पाजतो!

ह्यांनी चार चमचे दाट रव्याची खीर गिळली. मॅडमनी गळ्यावर बोटं ठेवून बघितलं. "बाबा, छान!" मी तर टाळ्याच वाजवल्या. बाहेर बाकावर बसलेल्या बाया आत डोकावल्या.

२० सप्टेंबर

नाकातली नळी निघाली!!

महिनासुद्धा झाला नाही. स्नेहल मॅडमनी खीर, कुस्करलेली खिचडी, केळ्याचा लगदा, सगळं गिळवून बघितलं आणि हो म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "काकू, तुमचं खरं ठरतंय. पण अजून शेक बाकी आहे." अर्धंच वाक्य मी ऐकलं.

घरी आल्या आल्या फोन धरला. शिल्पा, दोन्ही नणंदा, शिंदखेड्याचे दीर, विहारातल्या लिलाबाई. संध्याकाळी हिलालभाऊ आले, फॅक्टरीत ह्यांच्याच सेक्शनला आहेत. दारातूनच ओरडले, "भिकन, तू ते बंदूकनी गोळीबी गिळी जाशी!" ह्यांनी हात जोडून दाखवले.

जिंकले! म्हणजे भगवंताची कृपा. पण मीही ठाम राहिले, ते काही कमी नाही.

२४ सप्टेंबर

जेवायला मागच्या ओट्यावर बसतो म्हणाले. बोलणं अजून घोगरं, तरी मला कळतं. घास डाव्या कोपऱ्यातून ओघळतो, हनुवटी पुसत पुसत खावं लागतं. कुणी बघायला नको. बरोबर आहे, माणसाला लाज असते. मी ताट नेऊन देते आणि आत येते. तसंही आमच्याकडे त्यांचं आधी, मागून माझं. समोर बसून जेवण असं कधी झालंच नाही.

ताट चकचकीत परत येतं. त्याबाबतीत ह्या घरात मी कुणाला सोडलेलं नाही. घेतलंय ते संपवायचं. शिल्पा लहानपणी कारल्यासमोर रडत बसायची, उठू दिलं नाही. हेही नवीन नवीन दोन घास ठेवायचे, लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ती सवय मोडली.

आतून विचारते, "झालं का?" ओट्यावरून आवाज येतो, "बठ्ठं खादं!" सगळं खाल्लं.

७ ऑक्टोबर, पौर्णिमा

वर्षावासाची समाप्ती. विहार भरून गेला होता. खीरदानाची खीर यंदा मी करते म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं. मोठं पातेलं हिलालभाऊंनी रिक्षातून नेलं. सुजातेने खीर दिली आणि भगवंतांच्या अंगात बळ आलं, ही गोष्ट भन्तेजींनी सांगितली. दरवर्षी सांगतात. यंदा माझे डोळे भरले.

मग भन्तेजी म्हणाले, कुणाला अनुभव सांगायचा असेल तर सांगा. मी उठले! एवढ्या लोकांत मी कधी बोलले नाही. सांगितलं — डॉक्टरांच्या कॉम्प्युटरने ह्यांना दहातल्या सातांत बसवलं होतं, पोटाला नळी लागणार म्हणून. आज हे तुमच्यासमोर बसलेत, दहातल्या तिघांत. श्रद्धा पाहिजे आणि घरचं अन्न पाहिजे. साधू साधू साधू म्हणून सगळा विहार दुमदुमला.

सगळ्यांसमोर ह्यांना वाटी दिली. दोन-तीन चमचे खाल्ले. मग वाटी घेऊन बाहेर गेले, बराच वेळ आले नाहीत. भरून आलं असेल. आले तेव्हा वाटी रिकामी होती.

१३ ऑक्टोबर

शेक सुरू. रोज सकाळी एसटीने जळगाव, मशीनखाली पाच मिनिटं, परत वरणगाव. तोंडावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला बांधतात. हे म्हणाले, क्रिकेटमधला विकेटकीपर दिसतो मी. दिसतात खरे!

२३ ऑक्टोबर

शिल्पा सुट्टीला आली. दारातच म्हणाली, "बाबा बारीक दिसताय."

मी म्हटलं, शेकाने सगळेच उतरतात, पण जेवण बघ. तिच्यासमोर ताट केलं — मऊ खिचडी, वर तूप, कुस्करलेलं अंडं. मागे दिलं, थोड्या वेळाने चकचकीत ताट परत. "बघ!"

ती ताटाकडेच बघत राहिली. म्हणे, "आई, एवढं तर मलाही जाणार नाही." मी म्हटलं, तुझी तऱ्हाच वेगळी, तू कारल्याला रडणारी.

मागच्या भिंतीवरची भुरी मांजर मात्र भलतीच गरगरीत झाली आहे. शेजारच्या सुगंधाबाई म्हणाल्या, "तुमची भुरी गाभण दिसतेय हो." दिवस चांगले चाललेत, ह्या घरात सगळ्यांचेच!

३० ऑक्टोबर

आज वजन केलं. ऑपरेशननंतर भरलेलं सगळं गेलं, वर अजून थोडं. डॉक्टर गंभीर. तोंड आतून लालभडक सोललंय, शेकाने होतं. पुन्हा पोटाच्या नळीची गोष्ट काढली. "काकू, आकडा उगाच नव्हता."

मी सांगितलं, "साहेब, सगळं खातात. मी स्वतः वाढते."

स्नेहल मॅडमनी बाहेर गाठलं. "काकू, बाबा जेवताना तुम्ही समोर बसता का?"

"नाही. त्यांना संकोच होतो. आणि आमच्याकडे तशी पद्धतही नाही."

"खोकतात का जेवताना?"

"खोकतात ना! आतपर्यंत ऐकू येतं. तुम्हीच शिकवलंय ना गिळल्यावर खोकायला?"

त्या काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात ह्यांचा नंबर पुकारला. जाता जाता म्हणाल्या, "एकदा बसा समोर." पोर गुणी आहे, पण नवऱ्यासमोर पाट मांडून बसायचं वय आमचं गेलं.

आजपासून तूप दुप्पट.

१ नोव्हेंबर

बाजारात भरिताची वांगी आली, पांढरट हिरवी, मोठी. हात लावून ठेवून दिली. ह्यांना झणझणीत चालत नाही तोवर घरात भरीत भाजायचं नाही, असं मी ठरवलंय. वास गेला की तोंडाला पाणी सुटेल आणि खाता येणार नाही. बरे झाले की पहिलं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि हिलालभाऊंना बोलावणं.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा

उपोसथ. विहारात लिलाबाईंनी विचारलं, भिकनभाऊ आले नाहीत? म्हटलं, शेकाने थकवा आहे, बाकी जेवण उत्तम. त्या म्हणाल्या, तुमचं उदाहरण मी माझ्या भाच्याच्या घरी सांगितलं, त्यालाही तसंच झालंय. त्याच्या बायकोने तुमचं ऐकून नळीला नाही म्हटलं.

बरं वाटलं. थोडी दचकलेही. मी काय, डॉक्टर आहे का? पण खरं तेच सांगितलं आहे ना.

१० नोव्हेंबर

पँटच्या पट्ट्याला सुरीने नवं भोक पाडून दिलं. आज पुन्हा वजन — उतरलंच. बारीक तापही आहे. छातीचा फोटो काढला, डाव्या बाजूला थोडा डाग. डॉक्टर म्हणाले, अन्न श्वासाच्या वाटेने जातंय. औषध लिहून दिलं, शेक चार दिवस थांबवला. शुक्रवारी या, नळीचं पक्कं करून या. आता उशीर केला तर शेक अर्धा राहील, आणि तो अर्धा ठेवून चालणार नाही.

हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, शुक्रवारी सांगते साहेब.

एसटीत विचारलं, "खरं सांगा, जातं ना जेवण?"

खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बठ्ठं खादं ना. तू देखस ताट."

बघते ना. ताट खोटं कसं बोलेल? वजनकाटा दवाखान्याचा आहे, शंभर माणसं रोज चढतात त्याच्यावर. चार दिवसांत मी ह्यांना भरून काढते. आज खिरीत बदामाची पूड घातली. शुक्रवारी डॉक्टरच नको म्हणतील नळीला.

भुरीचे दिवस भरत आले असावेत. मागे ओट्याच्या कोपऱ्यात जुनं गोणपाट टाकून द्यावं म्हणते, थंडी पडायला लागली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मांजर गाभण नाही.

दुपारी ह्यांना ताट दिलं आणि गोणपाट आणायला पुढच्या अंगणात गेले. परत बोळातून मागे वळले. हे ओट्यावर पाठमोरे. मांडीवर ताट, ताटात भुरीचं तोंड. हे तिच्या पाठीवरून हळू हात फिरवत होते. एक चमचा स्वतः घेतला, खोकत खोकत लाल झाले, थुंकून टाकला. बाकीचं तिने चाटून पुसून लख्ख केलं. मग ह्यांनी मान वर केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे, होता नव्हता तेवढा जोर लावून — "बठ्ठं खादं!"

मी त्यांच्या मागेच उभी.

"कधीपासून?"

दचकले नाहीत. ताट खाली ठेवलं. "शेक लागना तवयपाईन. घोट उतरस नही."

"मग सांगितलं का नाही मला?"

"तू विहारमा बठ्ठासमोर सांगी दिन्हं व्हतं. मंग मी कसा नही म्हनू?"

लिलाबाईंना फोन केला. भाच्याच्या बायकोला म्हणावं, माझं ऐकू नकोस, डॉक्टरांचं ऐक.

उद्या डॉक्टरांनी विचारायच्या आधी मीच सांगणार — नळी टाका. सातांतले आहेत हे.

संध्याकाळी पाट ओढून त्यांच्यासमोर बसले. ह्यांनी चार चमचे गिळले, पाचव्याला थांबले आणि माझ्याकडे बघितलं. ताटात खिचडी तशीच.

मी ताट उचललं. राहू द्या म्हटलं. ह्या घरात आजपासून चालतं.